नवी आवृत्ती आणि जुना तांदूळ

धान्याच्या पेढीवर वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. भाजी सकाळची ताजी घ्यावी, तांदूळ मात्र जुना घ्यावा. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, त्याचा गोळा होतो. वर्षभर वखारीत राहिलेला तांदूळ मोकळा शिजतो आणि म्हणूनच त्याला भाव अधिक येतो. ताजेपणा हा गुण खरा. परंतु तो कोणत्या मालाचा, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरत नाही. बाजारात सहज वापरला जाणारा हा विवेक पेढीवरच्या संगणकाची निवड करताना मात्र पुष्कळदा बाजूला राहतो.

हा प्रश्न आज अनेक घरांत उभा आहे, त्याला कारण आहे. २०१५ च्या जुलैमध्ये बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नियमित सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्या जागी विंडोज ११ घालावयाची तर संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी, उत्तम चालणारे कितीतरी संगणक केवळ या अटींमुळे नव्या प्रणालीस अपात्र ठरले. चालते यंत्र मोडीत काढणे व्यापारी मनाला पटत नाही, आणि सांभाळ थांबलेल्या प्रणालीवर पेढीचा हिशेब ठेवणे हेही शहाणपणाचे नव्हे. अशा वेळी विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सकडे लक्ष जाते.

सांगलीच्या बाजारपेठेतील एखाद्या पेढीवर सुटीसाठी घरी आलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि गादीवर बसलेले त्याचे वडील यांच्यात असा संवाद सहज घडू शकेल.

"अण्णा, लिनक्स घालायचेच तर आर्च घालू. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअर सर्वांत नवे मिळते. डेबियनमध्ये सगळे जुनेच असते."

"जुने म्हणजे बिघडलेले का रे? आणि नवे म्हणतोस, ते तपासले कोणी?"

मुलाचा आग्रह चुकीचा नाही आणि वडिलांची शंकाही बिनबुडाची नाही. दोघांनाही उत्तर द्यावयाचे तर हा माल तयार होऊन दुकानापर्यंत कसा येतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

१९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतलेला लिनक्स हा वस्तुतः प्रणालीचा केवळ गाभा होय. यंत्राचे भाग हलविणे आणि कामाची वाटणी करणे एवढेच त्याचे काम. कागदपत्रे लिहिण्याचे, इंटरनेट पाहण्याचे, छपाईचे सॉफ्टवेअर निरनिराळ्या गटांकडून तयार होते. ही हजारो सॉफ्टवेअरे गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून, एका गाठोड्यात बांधून जो समूह वा जी कंपनी लोकांपर्यंत पोहोचविते, तिच्या गाठोड्याला वितरण अथवा बोलीभाषेत 'डिस्ट्रो' म्हणतात. उत्पादक एक आणि अडत्या दुसरा, अशीच ही व्यवस्था आहे. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही अशा अडत्यांची नावे. माल बहुतांशी तोच. कोण किती दिवस वखारीत ठेवून, किती पारखून पुढे पाठवितो, एवढाच मुख्य फरक.

या दृष्टीने वितरणांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार अखंड वाहणाऱ्यांचा. २००२ मध्ये सुरू झालेले आर्च आणि ओपनसुसेचे टम्बलवीड ही त्याची ठळक उदाहरणे. यांत 'अमुक सालची आवृत्ती' असा प्रकार नसतो. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती थोड्याच दिवसांत वापरणाऱ्याच्या संगणकावर येते. टम्बलवीडमध्ये पाठविण्यापूर्वी स्वयंचलित चाचण्या घेतल्या जातात. तरीही नवा माल सतत येत राहतो हा त्याचा स्वभावच आहे.

दुसरा प्रकार ठरावीक काळाने बदलणाऱ्यांचा. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ सुमारे तेरा महिने होतो. म्हणजे वर्षाकाठी एकदा तरी प्रणाली बदलण्याची तयारी हवी. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्याही सहा महिन्यांनीच निघतात आणि त्यांचा सांभाळ तर अवघे नऊ महिने असतो.

तिसरा प्रकार दीर्घकाळ एकाच जागी थांबणाऱ्यांचा. उबुंटूची दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. तिच्यावरच आधारलेले लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्यांना सोपे वाटते आणि त्याच मुदतीचा लाभ देते. रेड हॅटच्या धर्तीवरील अल्मालिनक्ससारखी वितरणे दहा वर्षांपर्यंत दुरुस्ती पुरवितात. आणि या प्रकारातील एक जुने व प्रतिष्ठित घराणे म्हणजे १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी सुरू केलेले डेबियन.

डेबियनची पारखण्याची रीत पाहण्यासारखी आहे. नवे सॉफ्टवेअर प्रथम 'अनस्टेबल' या पायरीवर येते. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्रांची नावे देतात. या पहिल्या पायरीचे नाव आहे सिड, म्हणजे त्या चित्रपटातील खेळणी मोडणारा मुलगा. तेथे काही दिवस राहून गंभीर दोष आढळला नाही, तर माल 'टेस्टिंग' या दुसऱ्या पायरीवर सरकतो. सुमारे दोन वर्षांतून एकदा या दुसऱ्या पायरीवर नवा माल घेणे क्रमाक्रमाने बंद करतात आणि केवळ दोष काढीत राहतात. डेबियन १३ साठी हे गोठविणे मार्च २०२५ मध्ये सुरू झाले आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ती आवृत्ती 'स्टेबल', म्हणजे स्थिर म्हणून बाहेर पडली. त्यानंतर तिच्यातील बहुतेक सॉफ्टवेअरचे आवृत्तीक्रमांक बदलत नाहीत. डेबियन १२ मध्ये लिब्रेऑफिस ७.४ होते, ते अखेरपर्यंत ७.४ च राहिले. डेबियन १३ मध्ये ते २५.२ झाले. हे अंतर पाहून दचकण्याचे कारण नाही. लिब्रेऑफिसने २०२४ पासून सालावरून क्रमांक देण्यास आरंभ केला, म्हणून ७.६ नंतर थेट २४.२ आले. केवळ आकड्यावरून मालाची पारख करू नये, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

येथे मुलाचा आक्षेप पुढे येतो. दोन वर्षे क्रमांकच बदलत नसेल, तर मधल्या काळात सापडलेल्या दोषांचे काय? चोरवाटा उघड्याच राहावयाच्या काय?

या प्रश्नाच्या उत्तरातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. ताजेपणा दोन प्रकारचा असतो: एक आवृत्तीचा आणि दुसरा दुरुस्तीचा. स्थिर वितरणे आवृत्ती जुनी ठेवतात, पण दुरुस्ती ताजी देतात. नव्या आवृत्तीत मूळ लेखकाने जो दोष काढला, तेवढाच नेमका उपाय ते जुन्या आवृत्तीत आणून बसवितात. तिच्याबरोबर आलेली नवी वैशिष्ट्ये आणि नवे दोष मात्र बाहेरच ठेवतात. छपराचे एक कौल फुटले तर तेवढेच बदलावे, त्यासाठी सारे घर उतरवू नये, तशी ही रीत आहे.

२०१४ चे एक प्रसिद्ध प्रकरण हे स्पष्ट करते. इंटरनेटवरील संदेश गुप्त ठेवण्यासाठी ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याच्या मार्च २०१२ मध्ये निघालेल्या १.०.१ या आवृत्तीत एका नव्या सोयीबरोबर एक दोष शिरला. त्यामुळे दूर बसलेल्या परक्यास सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, प्रसंगी गुप्त किल्ल्या आणि पासवर्डही, वाचता येत असत. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष 'हार्टब्लीड' या नावाने जगापुढे आला. ज्यांच्याकडे अद्याप जुनी ०.९.८ ही मालिका होती, त्यांना त्याची झळ लागली नाही. कारण ती नवी सोयच त्यांच्याकडे पोहोचली नव्हती. डेबियन ७ मध्ये मात्र १.०.१ई ही सदोष आवृत्ती होती. मूळ लेखकांनी दुरुस्त केलेली आवृत्ती होती १.०.१जी, डेबियनने ती न आणता उपाय जुन्यातच बसविला. त्यामुळे मुख्य क्रमांक १.०.१ईच राहिला, दोष मात्र गेला. नुसता क्रमांक पाहणाऱ्याला तो संगणक असुरक्षित वाटला असता. खरी खूण वितरणाने क्रमांकापुढे जोडलेल्या शेपटीत होती.

दहा वर्षांनी याहून मोठा प्रसंग आला. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या कामात 'जिया तान' या नावाने एका व्यक्तीने प्रवेश केला, दोन वर्षांहून अधिक काळ सरळ काम करून विश्वास मिळविला आणि मग फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपून एक चोरदरवाजा ठेवला. तो सर्वत्र पसरला असता, तर दूरवरून असंख्य सर्व्हरांत शिरता आले असते. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, एवढेच जाणवले. इतरांनी ते सोडून दिले असते. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले.

त्या दिवशी कोणाच्या वखारीत काय होते? डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग या पायऱ्यांवर, टम्बलवीडमध्ये, फेडोराच्या विकसनशील शाखेत आणि आर्चमध्ये तो माल पोहोचला होता. आर्चच्या रचनेमुळे तेथे त्या दरवाजाची ज्ञात वाट उघडत नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत मात्र ५.४.१ ही जुनी आवृत्ती होती. तिच्यापर्यंत तो आलाच नाही. उबुंटूची २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती तेव्हा तयार होत होती. तिची चाचणीप्रत सावधगिरीने आठवडाभर पुढे ढकलण्यात आली.

यावरून 'जुने ते सोने' असा घाईचा निष्कर्ष काढणारा मात्र फसेल. फ्रॉइंड यांनी तो दोष पकडला तो डेबियनच्या अनस्टेबल पायरीवर, म्हणजे ताजाच माल वापरीत असताना. कोणीतरी आधी चाखतो म्हणून मागच्यांचे ताट सुरक्षित राहते. सर्वांनीच दोन वर्षे थांबावयाचे ठरविले, तर तो दोषही दोन वर्षे कोणाच्या नजरेस न पडता थांबून राहील. स्थिर आवृत्ती वापरणारी पेढी अशा अनामिक चाखणाऱ्यांच्या ऋणात असते, याचे भान ठेवलेले बरे.

शिवाय जुन्या वखारीतही कीड लागते. २००६ मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएलमध्ये एक छोटा बदल केला. हेतू चांगला होता; परंतु त्यामुळे गुप्त किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकताच नाहीशी झाली. एका प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये लुचियानो बेयो यांनी ते उघडकीस आणेपर्यंत हा दोष स्थिर आवृत्तीत सुखेनैव नांदत होता. मूळ लेखकाचे ताजे सॉफ्टवेअर जसेच्या तसे वापरणाऱ्यांना त्याची बाधा झाली नाही. म्हणजे थांबणे ही तपासणी नव्हे. थांबलेल्या काळात कोणी डोळे उघडे ठेवून पाहत असेल, तरच त्या थांबण्याला अर्थ.

ताजी आवृत्ती खरोखर हवीच, अशी स्थळेही आहेत. नुकताच घेतलेला लॅपटॉप असेल, तर त्याचे वायफाय वा पडदा ओळखण्याची माहिती जुन्या गाभ्यात नसते. डेबियन १२ चा गाभा ६.१ होता, डेबियन १३ चा ६.१२ आहे, त्यानंतर आलेल्या यंत्राला त्याहून नवा गाभा लागू शकतो. अशा वेळी फेडोरासारखे वितरण अथवा डेबियनची 'बॅकपोर्ट्स' ही जोडसोय उपयोगी पडते. ब्राउझर हा तर भाजीसारखाच ताजा हवा. कारण परक्या माणसांचा सर्वाधिक संपर्क त्याच्याशीच येतो. म्हणूनच डेबियनसुद्धा येथे आपला नियम शिथिल करते आणि फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती वेळोवेळी पुढची देत राहते. एखादेच सॉफ्टवेअर नवे हवे असेल, तर फ्लॅटपॅक या पद्धतीने ते स्थिर प्रणालीवर स्वतंत्रपणे ठेवता येते. तळ जुना आणि वरचे एखादे भांडे नवे, अशी ही मांडणी बहुतेक पेढ्यांना पुरेशी ठरते.

मोठ्या प्रमाणावर निवड करणाऱ्यांनीही बहुधा हाच मार्ग धरलेला दिसतो. मुख्यालय पुण्यात असलेल्या सी-डॅक या संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. केरळमधील शाळांसाठी काइट ही सरकारी संस्था जी प्रणाली पुरविते, तिचा पाया उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती हाच आहे. जेथे अनेक यंत्रे एकाच माणसाला सांभाळावयाची असतात, तेथे रोज बदलणारा माल परवडत नाही, हे त्यामागील साधे कारण.

तेव्हा कुटुंबाने निर्णय कसा करावा? प्रथम संगणकाचे काम ठरवावे. गल्ल्यावर बिले काढणारा, रोजमेळ आणि खतावणी सांभाळणारा संगणक हा जुन्या तांदळाचा विषय. त्याला डेबियनची स्थिर आवृत्ती, उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती अथवा लिनक्स मिंट शोभते. शिकणाऱ्या मुलाचा स्वतःचा लॅपटॉप हा भाजीचा विषय. तेथे आर्च वा फेडोरा घालून तो बिघडला तरी पेढीचा व्यवहार अडत नाही, आणि बिघडलेले नीट करताना जे शिकणे होते ते पुस्तकातून होत नाही.

दुसरे, मुदत विचारावी. सर्वांत नवी आवृत्ती कोणती, यापेक्षा तिचा सांभाळ कोणत्या तारखेपर्यंत होणार, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती तीन वर्षे नियमित आणि पुढे दोन वर्षे दीर्घ सांभाळ व्यवस्थेखाली, अशी एकूण पाच वर्षे दुरुस्त होत राहते. ती तारीख विम्याच्या वा परवान्याच्या तारखेप्रमाणे वहीत नोंदवून ठेवावी. सांभाळ संपलेली स्थिर आवृत्ती म्हणजे जुना तांदूळ नव्हे. तो कीड लागलेला तांदूळ होय.

तिसरे, दुरुस्ती आपोआप येत राहील अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. जुनी आवृत्ती निवडून दुरुस्तीही न घेणारा दोन्हींकडून तोट्यात राहतो.

चौथे, गरजा आधी पडताळाव्यात. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनते. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, बिलाचा प्रिंटर, बारकोड वाचणारे यंत्र यांपैकी प्रत्येक वस्तू लिनक्सवर चालते की नाही हे प्रत्यक्ष पाहावे. बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरून, संगणकात काहीही न बदलता, चालवून पाहता येतात. जे अडेल त्यासाठी एक सांभाळ चालू असलेले विंडोज यंत्र ठेवावे आणि उरलेली यंत्रे बदलावीत. हा बदल दिवाळीच्या गर्दीत वा मार्चअखेरीस करू नये. आणि केव्हाही केला, तरी आधी हिशेबाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवून ती उघडते याची खात्री करून घ्यावी.

पेढीवरचा तो संवाद अशा रीतीने मिटू शकतो. गल्ल्यावरच्या संगणकावर मुलगा स्वतः डेबियन १३ घालून देईल, महिनाभर जुन्या यंत्राबरोबर समांतर चालवील, आणि आपल्या लॅपटॉपवर आर्च ठेवील. नवे काय चालले आहे ते त्याला कळत राहील आणि दोन वर्षांनी पेढीवर पुढची स्थिर आवृत्ती घालण्याची वेळ येईल, तेव्हा त्याचे हात सरावलेले असतील. वडिलांच्या प्रश्नाचे, 'नवे ते तपासले कोणी?' याचे उत्तरही मग घरातच सापडेल: थोडे त्याने, आणि बाकी जगभरच्या त्याच्यासारख्या असंख्य हातांनी.

नव्याचे नऊ दिवस सरल्यावर जे उरते, त्यावरच पेढी चालते. ते उरलेले कोणीतरी रोज झाडून-पुसून ठेवीत आहे ना, एवढे व्यापाऱ्याने पाहावे. आवृत्तीचा आकडा त्यानंतर पाहिला तरी चालेल.